मोमोने दिलेले आरसे

आमच्या बेटावरच्या सिंगातोकात कुणालाही विचारा, इसिकेली कोण? लगेच सांगतील, तोच तो, ज्यानं एका आरशासाठी सख्ख्या मामाला दारातून परत पाठवलं. बाजारात भाजीचे वाटे लावून बसणाऱ्या बायका सांगतील, बसस्टँडवरची रिकामटेकडी पोरंही सांगतील. सांगताना वर मान हलवतील, जणू त्यानं कुणाचा खून पाडलाय. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मामाला परत पाठवलं हे खरं. मी तिथंच होते. पण आरशासाठी? अरे मेल्यांनो, त्या आरशांपायी त्या माणसाचं काय काय गेलं ते तुम्हाला काय ठाऊक!

गावात मला हे बोलायची सोय नाही. त्यानं माझ्याकडून शब्द घेतलाय. तुम्ही आपले लांबचे. तुम्ही काही नदीच्या वरच्या अंगाला वाईनिवुंदीला जाऊन म्हाताऱ्याच्या कानात सांगणार नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलते.

मी ज्ञानमती. माझं शिवणाचं दुकान आहे, शाळेचे गणवेश, चर्चला कमरेभोवती नेसायचे सुलू, पडदे, काय म्हणाल ते. इसिकेलीची जिम माझ्या भिंतीला भिंत लावून होती. मध्ये नुसती प्लायवूडची फळी, त्यामुळे तिकडे कुणी बार खाली टाकला की इकडे माझ्या मशीनची सुई हलायची. माझा नवरा बिसून टॅक्सी चालवायचा. इसिकेली पहिल्यांदा परदेशी खेळायला निघाला तेव्हा बिसूननंच त्याला नांदीच्या विमानतळावर सोडलं होतं आणि भाडं घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी त्याची भौजी, म्हणजे आमच्या बोलीतली वहिनी.

तेव्हा काय पोरगा होता तो! रग्बीचा चेंडू हातात आला की मैदानाच्या कडेकडेनं असा सुटायचा की मागचे दोघंतिघं एकमेकांवर आपटायचे. ऑकलंडच्या एका क्लबानं नेलं, तिथून फ्रान्सला जायचं ठरलं होतं. कागद तयार होते. निघायच्या आधी तिथल्या एका जुन्या जिममध्ये व्यायाम करताना शेजारच्याच्या हातून लोखंडी प्लेट निसटली, घरंगळत भिंतीवरच्या आरशावर गेली. साधी काच. ती खाली आली ती सुरीसारखी उभी, आणि याच्या टाचेच्या मागची जाड शीर कापून गेली. तीच शीर, जिच्यावर धावणारा माणूस जमीन ढकलतो. शिवली, बरी झाली, चालता येऊ लागलं. पण पळणं संपलं. चोविशीतला पोर लंगडत घरी आला आणि त्याची आई सेरुवाया धक्क्यानं आठवडाभर चर्चच्या गायनात उभी राहिली नाही.

रडत बसला नाही, हे खरं. हॉटेलांत सामान उचललं, उसाच्या ट्रकवर काम केलं, आणि पंचेचाळिशीच्या आसपास आला तेव्हा माझ्या शेजारचा टायरचा गाळा घेऊन जिम काढली. मला म्हणाला, "भौजी, या गावात पोरं आहेत. त्यांना वजनं पाहिजेत, आणि वजनं कशी उचलायची ते सांगणारा पाहिजे. पण एक सांगतो, माझ्या जिममध्ये कुणाच्या पायाला काच लागणार नाही."

"मग आरसे लावूच नकोस," मी म्हटलं. "तुमची पोरं तशीही स्वतःला बघूनच अर्धी होतात."

"आरशाशिवाय पाठ सरळ आहे का कळत नाही, भौजी. पाठ मोडून घेतील."

म्हणून आम्ही दोघं सुव्याला गेलो. मला कापड आणायचं होतं, त्याला आरसे. बसमध्ये तो सारखा हातानं मापं दाखवत होता. आरसा जमिनीपासून सुरू करायचाच नाही, गुडघ्याच्या वर सुरू करायचा, खाली जाड रबर लावायचं, म्हणजे घरंगळलेली प्लेट रबरावर आपटेल. माझ्या समोरच्या सीटवरचा म्हातारा मध्येच वळून म्हणाला, "बाबा रे, लग्न करतोयस की काय?" इतका उत्साह होता त्याच्या अंगात.

काचवाल्यानं आधी साधा आरसा दाखवला. स्वस्त, स्वच्छ, देखणा. इसिकेलीनं तो उलटा करून पाठ बघितली, नुसता रंग. बाजूला सारला. मग दुकानदारानं पाठीवर जाड फिल्म चिकटवलेला आरसा काढला.

"हा फोडून दाखव," इसिकेली म्हणाला.

"फोडला तर घ्यावा लागेल."

"घेतो. फोड."

काचवाल्यानं एक तुकडा भिंतीला टेकवला आणि हातोडी मारली. कानठळ्या बसल्या. काचेवर सगळीकडे भेगा गेल्या, पण खाली काही पडलं नाही. एक कणसुद्धा नाही. सगळं मागच्या फिल्मला धरून तसंच उभं. इसिकेलीनं त्यावर तळहात ठेवला, हळूच, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि मग हसायला लागला. एवढा दांडगा बाप्या, दुकानात मोठमोठ्यानं हसतोय. "भौजी, बघ! सगळं तुटलं आणि काही पडलं नाही!"

तो फुटका तुकडा त्यानं घरी आणला आणि जिमच्या गल्ल्यामागे टांगला. नवा पोरगा आला की आधी त्याला तो दाखवायचा. पोरं कंटाळायची. "इसिकेली काका, आम्हाला बायसेप दाखवा, काच काय दाखवताय?" पण तो सोडायचा नाही. मोठे आरसे सुव्याहून ट्रकनं येणार होते. नेमके त्या आधी मोमो आले.

इसिकेलीच्या लोकांत आईच्या भावाला मोमो म्हणतात. इसिकेलीचे मोमो आपिसाई, वाईनिवुंदी गावचे मोठे. भाच्याचा मामाच्या गावावर हक्क असतो, तो काही मागू शकतो, आणि गाव भाच्याला काही देतं तेव्हा गावाची मान उंच होते. म्हाताऱ्याचा भाच्यावर जीवही तसाच. इसिकेली परदेशातून लंगडत आला तेव्हा विमानतळावर न्यायला मोमोच आले होते. गाव येईपर्यंत त्याला लहान पोरासारखा मांडीशी धरून बसले.

तर झालं असं. वाईनिवुंदीची थोडी जमीन खाली समुद्राकाठीही आहे, तिच्यावर एक हॉटेल होतं. चक्रीवादळात ते मोडलं, मालक निघून गेला, जमीन गावाकडे परत आली आणि हॉटेलात जे उभं होतं तेही. त्यात नाचाच्या मोठ्या खोलीतले आरसे होते. माणसापेक्षा उंच, कडा तासलेले. गावानं ते काढून, चटयांत गुंडाळून ट्रकमध्ये घातले आणि थेट जिमच्या दारात आणले. म्हातारे, बायका, गावातली तरणी पोरं, सगळे खाली उतरले. बायकांच्या टोपल्यांत उकडलेला कसावा होता, नारळाच्या दुधातली मासळी होती.

इसिकेली बाहेर आला, आरसे बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं एकाची चटई बाजूला करून पाठीवरून बोट फिरवलं. नुसता रंग. मी माझ्या दारातून बघत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं म्हटलं, बोल की!

पण बोलायला वेळ कुठला? सगळे आत जाऊन चटईवर मांड्या घालून बसले. मोमोंनी याँगोनाच्या मुळ्यांची जुडी समोर ठेवली, जिचं मानाचं पेय करतात ती. ती समोर ठेवून देणाऱ्यानं दोन शब्द बोलायचे, घेणाऱ्यानं जुडीला हात लावायचा, टाळ्या वाजवायच्या, की दिलं आणि घेतलं. मोमो बोलायला लागले.

"पोरा, तू आमच्या बहिणीचा मुलगा. तू सगळ्या जगाला पळून दाखवणार होतास. देवाच्या मनात नव्हतं. आता तू आमच्या पोरांना उभं करतोयस. आम्ही गरीब माणसं. आमच्याकडे हे होतं. यात आमची पोरं स्वतःला बघतील तेव्हा त्यांना आमचीही आठवण राहू दे."

इसिकेलीच्या शेजारी त्याची आई बसली होती. सेरुवाया. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान अशी ताठ, की मी तिला कधी अशी पाहिली नव्हती. त्यानं जुडीला हात लावला.

संध्याकाळपर्यंत आरसे भिंतीवर होते. गावचे सुतार बरोबरच आले होते, गोंदाचे डबे घेऊन. गाणी म्हणत म्हणत त्यांनी ते कायमचे चिकटवले. इसिकेली एवढंच म्हणाला, "मोमो, जरा वर लावू या, गुडघ्याच्या वर." मोमो हसले. "अर्धा आरसा? पोरांना पाय दिसायला नकोत? तू पायांवर पळायचास की डोक्यावर?" सगळे खो खो हसले. आरसे जमिनीला टेकून बसले.

सगळे गेल्यावर मी आत गेले आणि त्याला फैलावर घेतलं. "तुला तोंड नव्हतं का रे? साधी काच आहे ती! तुझ्याच पायाला विचार!"

"भौजी, ती जुडी समोर ठेवल्यावर तोंड नसतं."

"मग सुव्याचे येतील ते काय डोक्यावर लावणार?"

"आईला विचारलं." तो गल्ल्यामागच्या फुटक्या तुकड्याकडे बघत होता. "म्हणाली, मोमोंचं दिलेलं उतरवून दुसरं लावलंस तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. ते उतरणारही नाहीत, भौजी. गोंदानं धरलेत. काढायला गेलं की फुटणारच."

सुव्याचे आरसे त्यानं नको म्हणून कळवलं.

पण स्वस्थ बसेल तर इसिकेली कसला! त्यानं आरशांपासून दोन हात लांब दोरी बांधली, दोरीच्या आत कुणी वजन न्यायचं नाही. बारला प्लेट धरून ठेवणारी क्लिप लावली नाही तर ओरडायचा, "क्लिप! क्लिप! आईशी बोलतोस का रे क्लिप न लावता?" याला काही अर्थ नव्हता, पण पोरं हसायची आणि क्लिप लावायची. आणि मग त्याला कुठून तरी कळलं की आरशाच्या पुढूनही पारदर्शक फिल्म चिकटवता येते. काच फुटली तर ती फिल्म धरून ठेवते. त्यानं गुंडाळी मागवली, आणि रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, एकट्यानं बसून ती चिकटवली. रविवारी काम! त्यांच्यात रविवारी कुणी कपडासुद्धा धूत नाही. मी फळीपलीकडून पाणी फवारल्याचा आणि रबरी पट्टी घासल्याचा आवाज ऐकत होते. संध्याकाळी मला बोलावलं. इथं तिथं बुडबुडे राहिले होते, माणूस जरा धुक्यातून दिसत होता. पण इसिकेली रात्री नीट झोपला असणार, दुसऱ्या दिवशी त्याचा चेहराच सांगत होता.

त्याच आठवड्यात मोमो बाजारात तंबाखू विकायला आले आणि नातवाला भेटायला जिममध्ये डोकावले. नातू म्हणजे सायलोसी. पोराचे आईबाप सुव्याला, त्याला म्हाताऱ्यानंच वाढवला. अठरा वर्षांचा, इसिकेलीसारखाच कडेनं पळणारा. अख्खं वाईनिवुंदी त्याच्या नावानं प्रार्थना करायचं. सुव्याला निवड चाचणीला बोलावणं आलं होतं. त्याला शिकवताना इसिकेलीचा आवाज बदलायचा. मला फळीपलीकडे कळायचं, आता सायलोसी आलाय.

मोमो आरशासमोर उभे राहिले. बोटानं एक बुडबुडा दाबला.

"हे प्लास्टिक कसलं, पोरा?"

"काच फुटू नये म्हणून, मोमो."

"फुटणारी काच दिली आम्ही?"

इसिकेली खाली वाकून दोरीची गाठ आवळायला लागला. आता इथं तो बोलू शकला असता असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण म्हातारा रागावला नव्हता हो, तीच तर पंचाईत. तो लाजला होता. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "आम्हाला काचेतलं कळत नाही. हॉटेलात चांगलं दिसत होतं म्हणून आणलं." आणि चहा न घेता निघून गेला.

सेरुवायानं त्या दिवसापासून मुलाशी अबोला धरला. स्वयंपाक करायची, त्याच्यापुढे ठेवायची आणि स्वतः ओसरीत जाऊन उपाशी बसायची. शेवटी त्यानं फिल्म ओढून काढली. स्वतःच्या हातानं. मी तेव्हा म्हटलं, "ठेव रे, आई जेवेल आज ना उद्या." तर म्हणाला, "भौजी, तुम्हाला आमचं नाही कळायचं." मला राग आला. पणजोबा उसाच्या मळ्यात राबायला बोटीनं आले, तेव्हापासून चार पिढ्या याच मातीत राबलो, आणि कळायचं नाही म्हणे! दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. फिल्म उतरल्यावर आरसे पुन्हा लख्ख दिसायला लागले. पुढच्या रविवारी सेरुवाया गायनात सगळ्यांच्या पुढे उभी होती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सायलोसी सुव्याला निघायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी गणवेशाला काज करत होते. पलीकडे बार आपटल्याचा आवाज आला, मग काहीतरी घरंगळल्याचा, मग कुणीतरी "ए, ए!" ओरडलं, आणि मग काच. सुव्याच्या दुकानात ऐकला होता तो आवाज नव्हे. हा आवाज संपेचना. तुकडे पडतच होते.

मी धावले. घाईत क्लिप न लावता सायलोसीनं वजन उचललं होतं. बार खाली टाकताना एक प्लेट निसटली. दोरीखालून आत गेली. पोराला माहीत होतं आरसा मोमोंचा, आजोबांचा. तो पाय पुढे घालून प्लेट अडवायला गेला. प्लेट अडली नाही. काच वरून उभी आली.

इसिकेली जमिनीवर बसला होता, पोराची टाच दोन्ही हातांनी आवळून. त्याला बघायची गरज नव्हती, कुठं लागलंय ते. तो नुसता म्हणत होता, "पाय हलवू नकोस. पाय हलवू नकोस, बाळा." आणि पोरगा रडत रडत काय म्हणत होता, ऐका: "काका, आजोबांचा आरसा फुटला. काका, माफ करा."

डॉक्टरांनी शिवलं. महिनाभरानं सांगितलं, चालेल. पळायचं मात्र विसरा. इसिकेली हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होता, त्यानं मान डोलावली, जणू जुनाच निरोप पुन्हा मिळाला. तिथून थेट जिममध्ये येऊन त्यानं राहिलेले आरसे फोडले. चामड्याचे हातमोजे, बूट, डोळ्यांवर चष्मा, आणि एकेक आरसा हातोडीनं फोडून गोणीत भरला. दार आतून लावून घेतलं होतं. बाहेर लोकांना वाटलं, संतापानं वेडा झालाय. गावभर झालं, पोरानं एक आरसा फोडला म्हणून इसिकेलीनं बाकीचेही फोडले! अरे, डोकं आहे का तुम्हाला?

आणि मग ते पुन्हा आले.

त्यांच्यात चूक झाली की माफी मागायची रीत आहे. ज्याच्या घरात चूक घडली त्याच्या दारात जायचं, जमिनीवर बसायचं आणि देवमाशाचा दात पुढे ठेवायचा. दातापेक्षा मोठं काही नाही. तो घेतला की सगळं पुरलं, कुणी पुन्हा बोलायचं नाही. वाईनिवुंदीचा ट्रक आला. म्हातारे उतरले, बायका उतरल्या, सगळे काळ्या सुलूत. सायलोसीला दोघांनी धरून उतरवलं, काखेत कुबडी. शेवटी ट्रकमधून चटईत गुंडाळलेलं काहीतरी उतरवून त्यांनी जिमच्या भिंतीला टेकवलं. चटई सुटली. आरसा होता. हॉटेलातलाच, त्याच जोडीतला. एक गावात राहिला होता.

ते माफी मागायला आले होते. तो पोरगा लंगडा झाला आणि ते माफी मागायला आले होते! मला वाटलं ओरडावं, उठा, उलट यानं तुमचे पाय धरायला पाहिजेत!

मोमो फरशीवर बसले. दोन्ही हातांत तो पिवळा दात, दोरीसकट.

"पोरा," ते म्हणाले, "आमच्या लेकरानं तुझ्या घरात रक्त सांडलं. तू सांगितलेलं ऐकलं नाही, क्लिप लावली नाही. गावानं तुला दिलेली वस्तू फोडली. देवानं त्याला शिक्षा दिलीच. तू आता मनातून काढून टाक. हा दात घे. आणि भिंत उघडी पडलीय, हा आरसा तिथं लाव. पोरांना उद्यापासून येऊ दे."

इसिकेलीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि तेव्हा मला उमगलं तो कशात अडकलाय. दात घेतला तर तो आरसा भिंतीवर जाणार. घेतला नाही तर कारण सांगावं लागणार. आणि कारण काय सांगायचं? की मोमो, तुमच्या लेकराचा पाय त्यानं केलेल्या चुकीनं गेला नाही, तुमच्या आरशानं गेला? त्या म्हाताऱ्याला, ज्यानं ते पोर वाढवलं, हे सांगायचं, की तूच तुझ्या हातानं ट्रकमध्ये घालून ते आणलंस? त्यानं तिथंच प्राण सोडला असता.

इसिकेलीनं दाताला हात लावला नाही. त्यानं आपले हात मागे घेतले, मांडीखाली दाबले, आणि म्हणाला, "नाही, मोमो. घेऊन जा."

"दात नको?"

"नको. आरसापण नको."

सेरुवायानं तोंडावर पदर दाबतात तसा सुलूचा शेव दाबला. कुणीतरी बाई मोठ्यानं हुंदका देऊन उठली. दात परत पाठवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. जिवंत माणसाला दारातून ढकलून देण्यासारखं आहे ते. मोमोंनी दाताची दोरी हळूहळू हाताला गुंडाळली. मग एवढंच म्हणाले, "आरशाचा एवढा राग, पोरा?"

इसिकेली म्हणाला, "हो."

बघा, हा असा माणूस. हो म्हणाला!

ट्रक गेल्यावर मी त्याचे खांदे धरून हलवले. "हो काय म्हणालास? हो काय म्हणालास, मूर्खा? सांग त्यांना! मी जाऊन सांगते!"

"भौजी, शपथ आहे." त्यानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आमच्या लोकांत शपथ घालतात तसा. "म्हातारा माझ्यावर रागावून जगेल. स्वतःवर रागावून नाही जगणार."

"आणि ती काच?"

"ती माझ्या भिंतीवर नाही आता. बास."

सेरुवाया त्याच संध्याकाळी कपडे बांधून भावाच्या गावी गेली. नंतर कधी तरी चर्चमध्ये तो दिसला की तोंड फिरवायची. वाईनिवुंदीची पोरं जिममध्ये यायची बंद झाली, मग त्यांच्या मैत्रीतली, मग सगळीच. इसिकेलीनं सुव्याहून पाठीला फिल्म असलेले आरसे आणून लावले, गुडघ्याच्या वर, खाली जाड रबर. फार सुंदर काम झालं. त्यांच्यासमोर कुणी उभं राहायला आलं नाही. पुढच्या उसाच्या हंगामापर्यंत त्यानं वजनं विकून टाकली.

वजनं घेतली रोनिलनं, म्हणजे आमच्यातल्याच एका पोरानं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यानं नवी जिम काढली. मी एका पोराची गणवेशाची मापं घ्यायला तिथं गेले आणि दारातच थांबले. समोरच्या भिंतीवर माणसापेक्षा उंच, कडा तासलेला, जमिनीला टेकलेला आरसा. मोमोंनी दिलेला. इसिकेलीनं नाकारला म्हणून गावानं रोनिलला दिला होता.

मी इसिकेलीला सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. तो तसाच लंगडत गेला, मी मागोमाग. रोनिलला म्हणाला, "हा काढ. साधी काच आहे, मागे काही नाही. काढून टाक, मी माझे देतो, फुकट देतो." जिममधली पोरं थांबली. कुणीतरी म्हणालं, "आला बघा, आरसा मागायला!" आणि सगळे हसले. रोनिलही हसला. "इसिकेली भैया, दिला तेव्हा नको, आता पाहिजे? मोमोंना विचारा."

तो लंगडत परत फिरला. दुसऱ्या दिवशी त्यानं रोनिलकडे वर्गणी भरली.

आता रोज संध्याकाळी जातो. व्यायाम करत नाही. आरशाला पाठ लावून त्याच्यापुढे एक बाक ओढतो आणि तिथं बसून राहतो, जिम बंद होईपर्यंत. कुणाची प्लेट घरंगळत आली की पाय पुढे घालून अडवतो, तो वाईट पाय. पोरं म्हणतात, म्हातारा आरशापासून हलायला तयार नाही, केवढा जीव आहे बघा आरशावर. मागच्या आठवड्यात त्याच्या नडगीला खोक पडली होती. मी पट्टी बांधून दिली. सायलोसी कुबडी टेकत दारात उभा होता, त्यानं बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेला.